वसईची वाळू, वसईचे पाणी

मिठबावला आमचे आजोळ. गावाला समुद्र आहे, माडांच्या बागा आहेत, किनाऱ्यावर गजबादेवीचे देऊळ आहे, आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढही आहे. बाव म्हणजे आमच्या मालवणीत विहीर. गावाच्या नावातच ती असली तरी प्रत्येकाच्या परड्यात ती असतेच असे नाही. एका वैशाखात मामांच्या परड्यात नवी बाव खणायला घेतली होती. सुट्टीचे दिवस, हाताला काम नाही, म्हणून मी काठावर उकिडवा बसून पाहत होतो. वरची माती गेली आणि खाली वाळू लागली. तेवढ्यात एका अंगाने ती भसकन खाली आली आणि तीन दिवसांचे काम दोन मिनिटांत बुजले.

खणणारे म्हातारबाबा वर आले, अंगावरची वाळू झटकली आणि शांतपणे म्हणाले, “रेव कोणाचा ऐकणा नाय, भाच्या. तेका आदी फळये लावूक व्हये, मगे खणूचा.”

वाळू कोणाचे ऐकत नाही. आधी फळ्या लावून तिला थोपवावे आणि मग खणावे. इतकी साधी गोष्ट. पण ती ऐकताना मला एकदम वसईचा किल्ला आठवला. वाचकांना वाटेल, मिठबावची विहीर कुठे आणि वसई कुठे! पण थोडा दम धरा.

वसईचा वेढा आपण सगळेच शाळेत शिकलो. गुरुजी तो सांगायचे तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. किल्ला काही केल्या पडत नाही, मे महिना उलटत चालला आहे, आणि चिमाजी अप्पा सरदारांना निर्वाणीचे सांगतात की किल्ला घेणे होत नसेल तर माझे मस्तक तरी तोफेच्या तोंडी देऊन आत टाका! मग हरहर महादेव, मग भगवे निशाण, मग घंटा वाजून सुट्टी. त्या उद्गारांची परंपरा मोठी आहे आणि अप्पांच्या जिद्दीला ती शोभते, म्हणून तिच्याशी मला भांडायचे नाही. मात्र तिच्यामुळे आपला एक समज होऊन बसला: वसई एका आवेशात, एका झेपेत पडली. ती तशी पडली नाही. आवेशाने घ्यायचे प्रयत्न झाले होते आणि ते फसले होते. वसई पडली ती कुदळीने, फावड्याने, आणि समुद्राची वाट बंद केल्याने.

किल्ला होता तरी कसा? १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या भोवतालचा मुलूख तहाने पोर्तुगीजांना दिला. तेव्हापासून दोनशे पाच वर्षे त्यांनी येथे राज्य केले. गोव्याच्या खालोखाल त्यांचे हेच वैभव. दमणपासून साष्टीपर्यंतच्या या पट्ट्याला आपले लोक फिरंगाण म्हणत. वसईच्या तटाच्या आत एक आख्खे शहर वसले होते: जेझुइटांचे, फ्रान्सिस्कनांचे, डॉमिनिकनांचे मठ आणि चर्चे, फिदाल्गो म्हणवणाऱ्या बड्या घराण्यांचे दगडी वाडे, चौक, न्यायकचेरी. किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी किंवा दलदल. दक्षिणेला खाडीचे रुंद मुख, पश्चिमेला समुद्र. जमिनीवरून जायचे तर एकट्या उत्तरेच्या बाजूने, आणि ती बाजू वाळूची. त्या वाळूकडे तोंड करून सां सेबास्तियांव आणि रेमेदियस हे बुरूज उभे होते.

आतल्या वैभवाचे बाहेर काय मोल पडत होते ते साष्टीच्या बखरीत आणि अंजूरकर नाईकांच्या हकिकतीत वाचावे. देवळे गेली, घरात धर्मकृत्य करायची चोरी झाली, इन्क्विझिशनच्या नावाने माणसे थरथरत. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ वर्षानुवर्षे पुण्याला खेटे घालत होते. ते लढवय्ये सरदार नव्हते. गाव-वतन सांभाळणारी माणसे. पण खाडीतल्या ओहोटीच्या वाटा, फिरंग्यांच्या चौक्या, आतले फितवे या सगळ्याची खडान्‌खडा माहिती त्यांच्यापाशी होती. मोठ्या मोहिमांच्या मुळाशी अशी चिवट माणसे असतात. इतिहासाच्या पुस्तकात त्यांना एक ओळ मिळते, आणि कित्येकदा तीही मिळत नाही.

१७३७ च्या वसंतात मराठे अचानक ठाण्यावर उतरले. पोर्तुगीज तेथे नवा कोट बांधत होते आणि तो पुरा झालेला नव्हता. ठाणे पडले, साष्टी बेट हाती आले. इतक्या सहज यश आले की वसईही अशीच पडेल असे वाटले असावे. शंकराजी केशव फडके वसईपुढे जाऊन बसले. त्या पावसाळ्यात शिड्या लावून तट चढण्याचे प्रयत्न झाले आणि प्रत्येक वेळी माणसे गमावून मागे यावे लागले. पुढे केळवे-माहीमलाही मार खाल्ला. बाजीराव त्या सुमारास भोपाळला निजामाशी गुंतलेला. होळकर-शिंदे त्याच्याबरोबर उत्तरेत. फौज थोडी, तोफा थोड्या, आणि शत्रूला समुद्रावरून कुमक येतच राहिलेली.

हे समुद्राचे प्रकरण पुण्यात बसून नीटसे उमगत नाही. त्याला आमच्या मिठबावच्या किनाऱ्यावर येऊन बसले पाहिजे. गोव्याहून वसईला दारूगोळा, धान्य, शिपाई जायचे ते समुद्रातून, आणि किनारा धरून उत्तरेला जाणाऱ्या शिडांना आमच्या या पाण्यावरूनच पुढे जावे लागे. त्या काळी या किनाऱ्याचा मालक तरी एक कुठे होता? खाली वाडीकर सावंत. मालवणचा सिंधुदुर्ग करवीरकर छत्रपतींचा. वर विजयदुर्ग आंग्र्यांचा. त्या आंग्र्यांतही कान्होजींच्या माघारी भाऊबंदकी माजलेली. १७३५ साली बाजीरावाने मध्ये पडून वाटणी करून दिली: कुलाबा मानाजीकडे, विजयदुर्ग-सुवर्णदुर्ग संभाजीकडे. संभाजी पेशव्यांवर रुष्ट, मानाजी त्यांच्या बाजूचा. कान्होजींच्या हयातीत जे आरमार एका हुकमाने हलत होते ते आता दोन घरांत विभागलेले. अशा स्थितीत समुद्र बंद करायचा कसा?

अप्पांनी त्याला जे उत्तर शोधले ते मला साऱ्या मोहिमेतले सर्वांत शहाणपणाचे वाटते. त्यांनी नुसत्या वाटेकडे पाहिले नाही. वाट जेथून निघते ते दार आणि जेथे पोचते ते दार, दोन्ही धरली.

निघण्याचे दार म्हणजे गोवा. १७३९ च्या जानेवारीत व्यंकटराव घोरपडे इचलकरंजीकर आणि दादाजीराव भावे नरगुंदकर फौज घेऊन गोव्यात घुसले. व्यंकटराव म्हणजे बाजीराव-चिमाजींचे मेहुणे, बहीण अनुबाईंचे यजमान. घरचाच माणूस, भरवशाचा. त्यांनी मडगाव घेतले आणि राशोलला वेढा घातला. गोव्याचा विजरई कोंद द सांदोमिल याची स्वतःच्याच उंबरठ्यावर अशी गाळण उडाली की वसईसाठी माणूस काढणे त्याला जड झाले.

पोचण्याचे दार म्हणजे वसईची खाडी. तिच्या भोवतालची ठाणी अप्पांनी एकेक करून उचलली. १७३८ च्या डिसेंबरात ठाणे परत घ्यायला आलेला पोर्तुगीज सेनापती पेद्रु द मेलु तोफेचा गोळा लागून ठार झाला. जानेवारीत माहीम, केळवे, शिरगाव पडले. तारापूर सुलतानढवा करून घेतले, पण तेथे बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडला. अप्पांच्या जिव्हाळ्याचा माणूस; त्या विजयाचा आनंद त्यांना झालाच नाही. मग अशेरी, वेसावे, आणि शेवटी खाडीच्या दक्षिण तीरावरची धारावी. ही आजच्या मुंबईतली चामड्याच्या बाजाराची धारावी नव्हे. भाईंदरच्या पश्चिमेची, उत्तन-डोंगरीची. तिच्यावरून खाडीच्या तोंडावर नजर राहते. समुद्रात मानाजी आंग्र्यांची गलबते फिरू लागली. फेब्रुवारीत वसईला वेढा बसला तेव्हा आतली माणसे खऱ्या अर्थाने एकटी पडली होती.

उरले मुंबईकर इंग्रज. वसईच्या पोर्तुगीजांनी त्यांच्याकडे विनवण्या केल्या. इंग्रजांनी काय दिले? चर्चची चांदीची भांडी आणि पितळी तोफा तारण ठेवून घेऊन पंधरा हजार रुपये! शेजाऱ्याचे घर जळत असताना त्याचे दागिने गहाण ठेवून घेणारा सावकार आपण गोष्टीत वाचतो. येथे तो दप्तरात सापडतो. मात्र पुढे त्यांचीही झोप उडाली. वसई पडताच मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणायचे ठरले आणि व्यापाऱ्यांनी त्यासाठी तीस हजारांची वर्गणी काढली. कॅप्टन इंचबर्डला अप्पांकडे आणि गॉर्डनला साताऱ्यास शाहू महाराजांकडे गोड बोलायला पाठवले तेही याच साली.

आता पुन्हा वाळूकडे.

वेढ्याचे काम म्हणजे तटापर्यंत जमिनीखालून, आडोशाने पोचणे. मराठे उत्तरेच्या वाळूत मोर्चे पुढे पुढे नेऊ लागले. दिवसा तटावरून तोफा आणि बंदुका. म्हणून खणायचे बरेचसे काम अंधारात. मिठबावच्या विहिरीत वाळू ढासळलेली पाहिली तेव्हा मला प्रथमच कळले की ‘सुरुंग लावले’ या दोन शब्दांत किती माणसांचे प्राण कोंडलेले असतील. आमच्या विहिरीवर निदान वरून कोणी पेटलेले गोळे टाकत नव्हते. तेथे तटावरून दारूचे गोळे, जळते पदार्थ येत. खाली वाळू कधी घात करील त्याचा नेम नाही, आणि पोर्तुगीजही तटाच्या आतून उलट खणून सुरुंग शोधत.

यात घाईची आणखी दोन कारणे होती. पहिले, पाऊस. आकाश भरून आले की खणलेल्या वाटांत पाणी, दारू ओली, फौजेला उघड्या वाळूत राहणे अशक्य. मग पुढच्या वर्षापर्यंत सारे फुकट. दुसरे कारण दिल्लीचे. त्याच मार्चमध्ये नादिरशहाने दिल्लीत शिरून कत्तल केली होती. तो दक्षिणेकडे वळतो की काय या काळजीने बाजीराव बऱ्हाणपुराकडे गेला होता आणि त्याला फौज हवी होती. फौज तर वसईच्या वाळूत रुतलेली. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदेही आता तेथेच. वसई सोडावी तर दोन वर्षांचे रक्त पाण्यात, न सोडावी तर उत्तर उघडी. शाळेतल्या त्या उद्गारांचा ताण खरा कोठून आला असेल ते येथे समजते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुंगांना बत्ती दिली. (तारखांचा घोळ वाचकांना पुष्कळदा छळतो. इंग्रज तेव्हा जुने पंचांग वापरीत, पोर्तुगीज नवे. दोहोंत अकरा दिवसांचा फरक. मी येथे नवे धरले आहे.) बुरुजाला खिंडार पडले आणि लोक धावले. पण सगळे सुरुंग एकदम उडाले नव्हते. काही मागाहून उडाले, आणि खिंडाराकडे धावलेली आपलीच माणसे त्यांनी दगडमातीखाली गाडली. हल्ला मागे आला. पुन्हा केला. पुन्हा मागे आला. आतले पोर्तुगीजही शर्थीने लढले; त्यांचा सेनापती मार्तिन्यु द सिल्व्हैरा आधीच मारला गेला होता आणि कायतानु द सोझा याने सूत्रे घेतली होती. दुसऱ्या दिवशी आणखी सुरुंग, आणखी हल्ले. अखेर सां सेबास्तियांवच्या बुरुजावर मराठ्यांनी पाय रोवले ते काही हलेनात. तटावर पांढरे निशाण चढले. १६ मे १७३९ ला तह झाला.

ग्रँट डफने वेढ्यातील हानीचे आकडे दिले आहेत: पोर्तुगीजांचे मेलेले आणि जखमी मिळून आठशे, मराठ्यांचे पाच हजारांवर. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या सहापट माणसे दिली. हे आकडे मी आमच्या घरात वाचून दाखवले तेव्हा धाकट्या पुतणीने विचारले, “काका, मग जिंकलं कोण?” प्रश्न पोरकट म्हणून मी हसून सोडून दिला, पण रात्री तो पुन्हा आठवला.

तहाच्या अटी मात्र अभिमानाने सांगाव्यात अशा आहेत. किल्ल्यातल्या शिबंदीने आठ दिवसांत आपली हत्यारे घेऊन, नगारे वाजवीत, निशाणे फडकावीत बाहेर पडावे. ज्या रहिवाशांना जायचे त्यांनी चीजवस्त घेऊन जावे. जे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक. दोनशे वर्षे धर्माच्या नावाने जे सोसले त्याचा सूड उगवायची वेळ आली होती; तो उगवला नाही. वसईतली हजारो ख्रिस्ती कुटुंबे जागेवर राहिली, आपल्या वाड्यांत केळी-पानवेली पिकवीत आणि आपली मराठी बोलत. २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वसईचे.

चर्चमधल्या घंटा मात्र गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या घाटावर, भीमाशंकरला त्या अजून टांगलेल्या आहेत. मेणवलीची घंटा मी हाताने वाजवली आहे. पितळी, जड, खोल आवाजाची. ज्या कारागिराने ती ओतली त्याने तिच्यासाठी कृष्णेचा काठ खचित मनात आणला नसेल.

जगाच्या इतिहासात या वेढ्याला जोड शोधायची तर मला डिएन बिएन फू आठवते. व्हिएतनाममध्ये १९५४ च्या मार्च ते मे या महिन्यांत तेथे फ्रेंचांची छावणी वेढली गेली आणि तिच्याबरोबर फ्रेंचांचे त्या देशातले राज्यही संपले. साम्य पाहा. सेनापती जियापने जानेवारीत एका झपाट्यात हल्ला करायचे योजले होते. ऐन वेळी त्याने तो बेत रद्द केला आणि सावकाश, खंदक खणत पुढे जायचे ठरवले. फ्रेंचांचा सारा भरवसा विमानांवर, जसा वसईकरांचा गलबतांवर. जियापने डोंगरांवर हाताने ओढून तोफा चढवल्या आणि धावपट्टी बंद पाडली. ६ मेच्या रात्री एका टेकडीखाली खणलेला सुरुंग उडाला. दुसऱ्या दिवशी छावणी पडली. तेथेही पाऊस सुरू झाला होता. तेथेही जिंकणाऱ्याची माणसे हरणाऱ्याहून कितीतरी अधिक गेली. दोनशे पंधरा वर्षांचे अंतर, आणि हत्यार तेच: फावडे.

फरक एवढाच की डिएन बिएन फूनंतर फ्रेंच त्या देशातून गेले. पोर्तुगीज वसईतून गेले, १७४० साली चौल-कोर्लईही सोडून गेले. पण गोवा, दमण, दीव त्यांनी १९६१ च्या डिसेंबरपर्यंत धरून ठेवले. आणि फिरंगाणातली त्यांची मोकळी झालेली जागा हेरून ठेवली ती, चांदीची भांडी गहाण ठेवून घेणाऱ्या शेजाऱ्याने. १७७४ साली इंग्रजांनी ठाणे घेतले, १७८० साली वसई. वसई त्यांना एकदा परत करावी लागली, पण १८०२ च्या शेवटच्या दिवशी त्याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौजेच्या तहावर सही केली. ज्यांनी ती जिंकली ते दोघे भाऊ तेव्हा केव्हाच नव्हते. थोरला बाजीराव १७४० च्या एप्रिलमध्ये रावेरखेडीला गेला, आणि खोकल्याने आधीच पोखरलेले चिमाजी अप्पा त्याच वर्षीच्या डिसेंबरात.

मिठबावच्या त्या दुपारी यातले बरेचसे मी म्हातारबाबांना सांगितले. फळ्यांची वाट पाहत आम्ही दोघे माडाच्या सावलीत बसलो होतो. होळकर, शिंदे, आंग्रे ही नावे त्यांनी मान डोलावत ऐकली. सुरुंग मागाहून उडून आपलीच माणसे गाडली गेली हे सांगितले तेव्हा त्यांनी चिलीम खाली ठेवली आणि बराच वेळ खड्ड्याकडे पाहत राहिले.

मग विचारले, “पावसाच्या आदी झाला ना काम?”

म्हटले, “झालं. २३ मेला फिरंगी किल्ला सोडून गेले.”

“मगे बरा,” म्हणाले, आणि उठले. पश्चिमेला समुद्रावर ढगांची एक काळी कड दिसू लागली होती, मामा फळ्या घेऊन बांधावरून येत होते, आणि आमची बाव अजून चार हातही गेली नव्हती.